रोम: टोटल वॉर – मोहीम सुरू करताना तुकडीचा आकार किती ठेवावा?

अर्धवट_सेनापती

नमस्कार. ‘रोम: टोटल वॉर’ हा २००४ सालचा संगणकावरचा युद्धखेळ मी बऱ्याच वर्षांनी पुन्हा हाती घेतला असून ज्युलिआय या रोमन घराण्याची मोहीम सुरू केली आहे. मोहिमेपूर्वी सेटिंगमध्ये तुकडीचे चार आकार दिलेले असतात: स्मॉल, नॉर्मल, लार्ज आणि ह्यूज. साध्या पायदळाच्या एका तुकडीत त्यानुसार २०, ४०, ८० किंवा १६० माणसे येतात. पडद्यावर जितकी गर्दी तितकी लढाई भव्य, एवढाच विचार करून मी डोळे झाकून ह्यूज निवडले.

आता वीस चाली झाल्या आहेत, म्हणजे इ.स.पू. २७० मध्ये सुरू झालेली मोहीम इ.स.पू. २६० पर्यंत आली आहे, आणि मी तीन ठिकाणी अडकलो आहे. पहिली अडचण अशी की, सेगेस्टा हे गाव घेण्यासाठी आणि नंतर गॉलांशी लढण्यासाठी मी माझ्या अरिमिनम या गावातून ओळीने हस्ताती (रोमन पायदळ) भरती करत गेलो, तेव्हा तिथली लोकसंख्या वाढण्याऐवजी उतरत गेली. ६००० चा टप्पा, ज्यानंतर गावाचे लहान शहर होते, तो अजून दृष्टिपथातही नाही. दुसरी अडचण मेडिओलानमच्या वेढ्यात आली. दरवाजा फुटला, मी तीन तुकड्या एकदमच आत सोडल्या, आणि जवळजवळ पाचशे माणसे त्या एका कमानीखाली अशी दाटली की पुढच्यांना मागे येता येईना आणि मागच्यांना पुढे सरकता येईना. तिसरी अडचण माझ्या लॅपटॉपची आहे. दोन्ही सैन्ये दूर उभी असेपर्यंत सारे सुरळीत चालते, पण रांगा एकमेकींना भिडल्या की चित्र अडखळत चालू लागते. सावल्या आणि गवत बंद करूनही फारसा फरक पडला नाही.

माझे प्रश्न असे आहेत. तुकडीचा आकार ही केवळ दिसण्याची बाब आहे, की मोहिमेचे गणितच त्यामुळे बदलते? मधेच आकार बदलता येत नसल्याने ही मोहीम सोडून नवी सुरू करावी का? आणि प्रत्यक्ष रोमन सैन्याशी यांपैकी कोणता आकार अधिक जुळतो? शेवटचा प्रश्न हौसेचा आहे, पण मला त्याचेही उत्तर हवे आहे.

पडीक_बुरूज

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे बरेचसे त्यावरच अवलंबून आहे. या खेळात तुकडीचा आकार ही दिसण्याची बाब नाही. तो पर्याय सावल्या आणि गवत यांच्या शेजारी बसवलेला असल्यामुळे आपण त्याला चित्राच्या दर्जाचा भाग समजतो, पण खरे तर तो मोहिमेचा एक नियम आहे आणि कदाचित कठीणपणाच्या पातळीपेक्षाही त्याचा परिणाम मोठा आहे.

भरती केलेला प्रत्येक सैनिक त्या गावाच्या लोकसंख्येतून वजा होतो, हे तुमच्या लक्षात आलेच आहे. आता त्याला आकडे लावून पाहा. समजा अरिमिनमची लोकसंख्या ३००० आहे आणि वाढीचा दर चालीला दीड टक्का आहे. म्हणजे एका चालीत ४५ माणसे वाढतात. एका गावातून एका चालीत एकच तुकडी तयार होते. नॉर्मलवर ती तुकडी ४० जणांची असल्यामुळे तुम्ही दर चालीला न चुकता भरती केलीत तरी गाव पाच माणसांनी का होईना पुढेच सरकते. लार्जवर ८० माणसे जातात, तेव्हा एका तुकडीची भरपाई व्हायला जवळजवळ दोन चाली लागतात. ह्यूजवर १६० माणसे जातात आणि तीच भरपाई व्हायला साडेतीन चालींहून अधिक काळ लागतो. तुम्ही ओळीने आठ तुकड्या काढल्या असतील तर गावातून १२८० माणसे बाहेर पडली आणि त्या आठ चालींत भर पडली ती साडेतीनशेच्याही आतच, कारण लोकसंख्या उतरली की दीड टक्क्याची रक्कमही उतरते. अरिमिनम खुंटले याचे कारण ना शेती, ना कर. त्याची माणसे तुमच्या छावणीत बसली आहेत.

यात एक गंमत अशी आहे की तुकडीची किंमत आणि तिचा दर चालीचा खर्च आकारानुसार बदलत नाही. वीस जणांच्या हस्तातींना जेवढे दिनार पडतात तेवढेच १६० जणांच्या हस्तातींना पडतात. त्यामुळे नॉर्मलवर खेळणाऱ्याची तिजोरी आधी रिकामी होते आणि ह्यूजवर खेळणाऱ्याचे गाव आधी रिकामे होते. नॉर्मलवर शिकलेल्या सवयी, म्हणजे पैसा शिल्लक आहे तर आणखी एक तुकडी काढू या, ह्यूजवर तशाच चालवल्या की नेमके तुमच्यासारखे होते. त्यातच करही लोकसंख्येवर अवलंबून असल्याने माणसे गेली की थोडे उत्पन्नही जाते.

याची दुसरी बाजू मोहिमेच्या उत्तरार्धात दिसते. शहर १२००० च्या आणि पुढे २४००० च्या पलीकडे गेले की अस्वच्छता वाढते, लोक असंतुष्ट होतात आणि प्रत्येक मोठ्या शहरात निम्मे सैन्य केवळ शांतता राखण्यासाठी अडकून पडते. स्मॉल किंवा नॉर्मलवर या फुगलेल्या शहरांचे काय करावे हे कळेनासे होते, कारण भरती करून करून किती माणसे काढणार? ह्यूजवर मात्र पेझंट्सची (साध्या शेतकऱ्यांची) एक तुकडी २४० जणांची होते. अशा पाच-सहा तुकड्या फुगलेल्या शहरात भरती करायच्या, चालवत एखाद्या ओसाड गावात न्यायच्या आणि तिथे बरखास्त करायच्या. ती माणसे त्या गावच्या लोकसंख्येत जमा होतात. म्हणजे ह्यूज सुरुवातीला जाचक आणि शेवटी सोयीचे आहे, तर नॉर्मलचे अगदी उलट आहे. मी स्वतः लार्जवर खेळतो. सुरुवातीच्या पन्नास चालींत गावे खुंटत नाहीत आणि शेवटी शहरे अगदीच हाताबाहेर जात नाहीत.

उंटावरचा_शहाणा

पडीक_बुरूज यांचे आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. ह्यूजवर माणसे कमी पडतात हा दोष नसून या खेळातली सर्वांत चांगली गोष्ट आहे, असे माझे मत आहे. नॉर्मलवर एखादी तुकडी कापली गेली तर मला काहीच वाटत नाही. पुढच्या चालीला दुसरी उभी राहते. ह्यूजवर हस्तातींच्या दोन तुकड्या गमावणे म्हणजे एका छोट्या गावाची सात-आठ चालींची वाढ गमावणे. त्यामुळे लढाई लावण्यापूर्वी मी थांबतो, विचार करतो आणि कधी कधी सरळ माघारी फिरतो.

मोहीम सोडून देण्यापूर्वी अर्धवट_सेनापती यांनी तीन उपाय करून पाहावेत. पहिला उपाय भाडोत्री सैनिकांचा. सेनापती मैदानात असताना जे भाडोत्री मिळतात ते तुमच्या कोणत्याही गावाच्या लोकसंख्येतून येत नाहीत. पैसे द्या आणि घेऊन जा. नॉर्मलवर भाडोत्री महाग वाटतात, पण ह्यूजवर त्यांच्याइतके स्वस्त काही नाही, कारण तिथे टंचाई पैशाची नसून माणसांची असते. मेडिओलानमच्या दरवाजात पहिली गर्दी करायला माझ्या मोहिमेत नेहमी भाडोत्रीच असतात, आणि हे लिहिताना मला थोडेसे अपराधी वाटते.

दुसरा उपाय जिंकलेल्या गावांबाबतचा. गाव जिंकल्यावर खेळ तीन पर्याय देतो: केवळ ताबा घ्या, गुलाम करा किंवा संहार करा. गुलाम केल्यास त्या गावाची निम्मी लोकसंख्या तुमच्या ज्या गावांत घराण्यातला सुभेदार बसलेला आहे तिथे वाटली जाते. मेडिओलानम आणि पटाव्हियम घेताना अरेटियम आणि अरिमिनममध्ये सुभेदार बसलेले असतील अशी आधीच व्यवस्था करा. एका वेढ्यात गावाची पाच-सहा चालींची तूट भरून निघते. पुष्कळ जण सगळ्या सरदारांना घेऊन लढाईला जातात आणि मग गुलाम कुठे गेले म्हणून विचारत बसतात.

तिसरा उपाय भरती विखरून करण्याचा. एकाच गावात चांगली बराक आहे म्हणून सारी भरती तिथेच करू नका. ज्या गावाला पुढच्या टप्प्यापर्यंत न्यायचे आहे त्याला दहा-बारा चाली हातही लावू नका. ज्या गावाची वाढ तशीही मंद आहे तिथून माणसे घ्या. आणि जखमी तुकड्या परत गावात नेऊन भरून काढतानाही लोकसंख्याच खर्च होते हे विसरू नका. निम्म्या झालेल्या दोन तुकड्या मैदानातच एकत्र केल्या तर तेवढीच गावाची माणसे वाचतात.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. ह्यूजवर संगणकाच्या पक्षांना हा हिशेब कळत नाही. माझ्या मोहिमांत गॉल आणि जर्मन सुरुवातीला टोळ्यांमागून टोळ्या पाठवतात, त्यात त्यांची गावे रिकामी होतात आणि मग पन्नास चालींनंतरही ते सर्वांत खालच्या दर्जाचेच भालेकरी घेऊन येतात. मी माणसे जपून वापरायला शिकलो आणि शत्रू शिकला नाही, तर ते कौशल्य काहीसे फुकटचे ठरते. पण मी ह्यूज सोडणार नाही.

तिसरी_रांग

हौसेच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी मी घेतो, कारण बाकीच्यांना तो सोडून द्यावासा वाटलेला दिसतो.

ज्या काळात तुमची मोहीम सुरू होते, त्या काळानंतरच्या शतकात पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमन लीजनची (सैन्याच्या मोठ्या दलाची) रचना सविस्तर लिहून ठेवली आहे. त्याच्या हिशेबाने एका लीजनमध्ये साधारण ४२०० पायदळ असे: १२०० हस्ताती, १२०० प्रिन्किपेस आणि ६०० त्रिआरी, म्हणजे पहिली, दुसरी आणि तिसरी रांग, आणि १२०० वेलिटीस, म्हणजे हलके पायदळ. पहिल्या तिन्ही वर्गांचे दहा-दहा मॅनिपल, म्हणजे छोटी पथके, पाडलेले असत. म्हणजे हस्तातींचा एक मॅनिपल १२० जणांचा आणि त्रिआरींचा ६० जणांचा. सोबत ३०० घोडेस्वार, तीस-तीसच्या दहा पथकांत.

आता खेळाकडे पाहा. हस्तातींचा १२० हा आकडा लार्जच्या ८० आणि ह्यूजच्या १६० यांच्या बरोबर मध्यावर पडतो; कोणताच आकार नेमका जुळत नाही. घोडेस्वारांचे तर आणखीच वेगळे आहे. एक्विटीसची तुकडी नॉर्मलवर २७ स्वारांची असते, म्हणजे रोमन पथकाच्या ३० स्वारांशी जवळजवळ जुळते, पण त्याच नॉर्मलवर पायदळ मॅनिपलच्या एक तृतीयांशच राहते. ह्यूजवर पायदळ वाजवी वाटू लागते तेव्हा घोडेस्वार १०८ झालेले असतात. सगळे एकाच गुणकाने वाढवल्यावर प्रमाण एका ठिकाणी जुळले की दुसरीकडे बिघडणारच. (आपल्याकडच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. नॉर्मलवरच्या सत्तावीस स्वारांकडे पाहताना मला रोमन पथकाआधी तीच आठवते, पण तो निव्वळ योगायोग आहे.)

त्रिआरींचे खेळाने फार कौतुक केले आहे. प्रत्यक्षात त्यांचा मॅनिपल हस्तातींच्या निम्मा होता. ही अनुभवी, वयस्क माणसांची शेवटची रांग होती आणि ‘गोष्ट त्रिआरींपर्यंत आली’ ही लॅटिनमधली म्हण आता निर्वाणीची वेळ आली अशा अर्थाने वापरली जाई. खेळात मात्र ते हस्तातींच्याच संख्येने येतात. प्रमाण राखायचे असेल तर दर दोन हस्ताती तुकड्यांमागे त्रिआरींची एकच तुकडी ठेवावी. मी तसेच करतो आणि माझे सैन्य त्यामुळे थोडे कमजोरच असते.

पूर्ण सैन्याकडे पाहिले तर उत्तर थोडे स्पष्ट होते. एका सैन्यात वीस तुकड्या मावतात. त्या सर्व पायदळाच्या धरल्या तर नॉर्मलवर ८००, लार्जवर १६०० आणि ह्यूजवर ३२०० माणसे होतात. एका सैन्याला एक लीजन मानायचे असेल तर ह्यूजच त्यातल्या त्यात जवळचे आहे. फॅलँक्सच्या, म्हणजे लांब भाल्यांच्या दाट रांगांच्या, बाबतीत तर दुमत असू नये. मॅसिडोनियन पद्धतीत सिंटाग्मा हे पथक सोळा ओळी आणि सोळा स्तंभांचे, म्हणजे २५६ जणांचे असे. ह्यूजवर लांब भाल्यांच्या २४० जणांची तुकडी सोळा ओळींत उभी केली की पंधरा स्तंभ होतात आणि ती तुकडी फॅलँक्ससारखी दिसते, वागतेही. नॉर्मलवर त्याच तुकडीत ६० माणसे असतात. त्यांना सोळा ओळींत उभे केले तर समोर धड चार माणसेही राहत नाहीत. म्हणून नॉर्मलवर सगळे जण फॅलँक्स चार-पाच ओळींची पातळ करून उभी करतात आणि मग ती समोरून फुटते अशी तक्रार करतात.

तेव्हा ज्युलिआय खेळत असाल तर आकारावरून इतिहासाचा फार कीस काढण्यात अर्थ नाही, पण मॅसिडोन किंवा सेल्युसिड हे फॅलँक्सवाले पक्ष घ्यायचे असतील तर मी ह्यूजच घेईन.

पंखा_गरम

दोन गोष्टींवर अजून कोणी बोललेले नाही: मैदानातली जागा आणि तुमचा लॅपटॉप.

जागेचा हिशेब असा आहे. तुकडी मोठी झाली तरी मैदान, किल्ल्याचा दरवाजा आणि गावातले रस्ते तेवढेच राहतात आणि माणसाचा धावण्याचा वेगही तोच राहतो. सहा हस्ताती तुकड्या चार-चार ओळींत शेजारी शेजारी उभ्या केल्या तर नॉर्मलवर समोर ६० माणसे दिसतात, लार्जवर १२० आणि ह्यूजवर २४०. घोडदळाला मागच्या बाजूने वळसा घालून शत्रूच्या बगलेवर जायचे असेल तर लार्जच्या तुलनेत ह्यूजवर जवळजवळ दुप्पट अंतर कापावे लागते. तोवर घोडे दमतात आणि मधल्या फळीचा निकालही लागून गेलेला असतो. ह्यूजवर खेळणाऱ्यांनी घोडदळ लढाई सुरू होण्यापूर्वीच दूर बाजूला नेऊन ठेवावे लागते. नॉर्मलची सवय असणारा ते रांगेमागे ठेवतो आणि मग ते नेहमी उशिरा पोहोचते. ओळी आठ करून रांग आखूड ठेवता येते, पण मग मागची माणसे लढाईत येतच नाहीत.

मेडिओलानमला जे झाले ते याच कारणाने झाले. एका कमानीतून एका वेळी ठरावीकच माणसे जाऊ शकतात. तीन तुकड्या एकदम पाठवल्यावर प्रत्येक तुकडी आपापली रांग धरण्याचा प्रयत्न करते, मागची तुकडी पुढच्या तुकडीत मिसळते, आणि मग आज्ञा दिली तरी कोणी कुठे जावे हे खेळालाच उलगडत नाही. ह्यूजवर दरवाजातून नेहमी एकच तुकडी पाठवावी, ती आत जाऊन मोकळ्या जागेत पसरेपर्यंत दुसरीला बाहेर, बुरुजांच्या माऱ्याच्या पलीकडे थांबवावे, आणि शक्य तिथे तटाला आणखी एक भगदाड पाडून दोन वाटा कराव्यात.

पण वेढ्यांपायी लहान आकार घ्यावा असेही नाही, कारण बुरुजांचा मारा आकारानुसार बदलत नाही. बुरुजावरच्या बाणांनी दहा माणसे पडली तर नॉर्मलवर तुमची पाव तुकडी गेली. ह्यूजवर तेवढ्याच बाणांनी सोळावा हिस्सा गेला. दरवाजावरून ओतल्या जाणाऱ्या उकळत्या तेलाचेही तसेच आहे. लहान तुकड्यांना दरवाजातून जाताना जागा मिळते पण तट त्यांना सोलून काढतो, आणि मोठ्या तुकड्यांना तट फारसे काही करू शकत नाही पण दरवाजा गिळून टाकतो.

आता लॅपटॉप. सावल्या, गवत, पोत हे सारे ग्राफिक्स कार्डाचे काम आहे. प्रत्येक सैनिकाने कुठे पाऊल टाकायचे, कोणाशी लढायचे, शेजाऱ्याला कसे टाळायचे हा हिशेब मात्र प्रोसेसर करतो. दूर उभ्या असलेल्या सैन्यांत हा हिशेब थोडा असतो. रांगा भिडल्या की तो एकदम वाढतो. तुमचे चित्र नेमके तेव्हाच अडखळते, यावरून अडचण प्रोसेसरची आहे हे जवळजवळ स्पष्ट आहे. खात्री करायची असेल तर पडद्याचे रिझोल्यूशन सर्वांत खाली आणून तीच लढाई पुन्हा खेळा. तरीही अडखळत असेल तर ग्राफिक्सचे कोणतेही पर्याय बंद करून उपयोग होणार नाही. माणसेच कमी करावी लागतील. खेळ त्या काळचा असल्यामुळे तो बहुतांश भार एकाच कोअरवर टाकतो, म्हणून प्रोसेसरला आठ कोअर आहेत या गोष्टीचाही इथे फारसा फायदा होत नाही.

तपासणीसाठी मोहीम पणाला लावण्याची गरज नाही. कस्टम बॅटलमध्ये (मोहिमेबाहेरच्या सुट्या लढाईत) दोन्ही बाजूंना वीस-वीस तुकड्या घ्या, दगडी तट असलेले मोठे शहर निवडा आणि ह्यूजवर एक वेढा खेळा. मोकळ्या मैदानावरची लढाई घेऊ नका, तिथे सारेच बरे चालते. ज्या आकारावर तो वेढा सुसह्य वाटेल तो तुमच्या यंत्राचा आकार समजा.

अर्धवट_सेनापती

सर्वांचे आभार. काल रात्री पंखा_गरम यांनी सांगितलेली तपासणी करून पाहिली. रिझोल्यूशन अगदी खाली आणूनही ह्यूजवरचा वेढा तसाच अडखळला, म्हणजे दुखणे प्रोसेसरचेच आहे. लार्जवर तोच वेढा दरवाजातल्या गर्दीपर्यंत व्यवस्थित चालला आणि गर्दीत थोडासा जड झाला. माझ्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

उंटावरचा_शहाणा यांच्या उपायांपैकी गुलामांचा उपाय जुन्या मोहिमेत करून पाहिला. पटाव्हियम घेतले, निम्मी माणसे अरिमिनमला येतील म्हणून वाट पाहिली, आणि मग लक्षात आले की अरिमिनमचा सुभेदार स्वतःच पटाव्हियमच्या वेढ्यात सेनापती म्हणून उभा होता. सारी माणसे अरेटियमला गेली. चूक अर्थातच माझी.

एक शंका उरली आहे. माझ्याकडे ‘मेडिव्हल २’ आणि ‘रोम २’ हेही आहेत. तिथेही हाच लोकसंख्येचा हिशेब धरायचा का?

पडीक_बुरूज

नाही. २००६ च्या ‘मेडिव्हल २’मध्ये प्रत्येक तुकडीचा ठरावीक साठा असतो आणि तो चालींगणिक भरत जातो; भरतीमुळे गावाची लोकसंख्या कमी होत नाही. २०१३ च्या ‘रोम २’मध्येही मूळ खेळात भरतीची माणसे लोकसंख्येतून वजा होत नाहीत. तेथे ‘डिव्हाइड एट इंपेरा’ हे लोकप्रिय मॉड (चाहत्यांनी खेळात केलेला बदल) बसवलेत तर मात्र लोकसंख्येचे वर्ग आणि त्यातून होणारी भरती असा हिशेब परत येतो. म्हणजे त्या दोन्ही खेळांत पंखा_गरम यांनी सांगितलेला जागेचा आणि यंत्राचा विचार लागू पडतो, माझे दीड टक्क्याचे गणित लागू पडत नाही. तिथे तुमचे यंत्र जेवढे पेलेल तेवढा आकार निःशंकपणे घ्या.

‘रोम’ची नवी मोहीम लार्जवर सुरू करताना एवढेच पाहा की आकार मुख्य मेनूमधून आधी बदललेला आहे आणि नंतर मोहीम उघडलेली आहे. पहिल्याच चालीत अरेटियममधल्या हस्तातींवर कर्सर नेऊन आकडा वाचा. तो ८० असेल तरच पुढची चाल खेळा. नसेल तर तिथूनच मागे फिरा.

उंटावरचा_शहाणा

आणि अरिमिनमच्या सुभेदाराला या वेळी घरीच ठेवा.